तारीख माहीत असते, तरी दुखणं टळत नाही : बारामती-इंदापूरच्या निमित्ताने समजून घ्या 'पाळीची अर्धशिशी'

पाळीच्या दिवसांत बायकांना सुट्टी द्यावी की नाही, हा वाद गेल्या काही वर्षांत वारंवार डोकं वर काढतोय. ८ जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाने हा धोरणाचा विषय असल्याचं सांगत याचिकाकर्त्याला केंद्र सरकारकडे पाठवलं. अशी सक्तीची सुट्टी दिली तर मालक बायकांना कामावर घ्यायलाच टाळतील, अशी भीतीही कोर्टाने बोलून दाखवली. ऑक्टोबर २०२५ मध्ये शेजारच्या कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने मात्र महिन्याला एक म्हणजे वर्षाला १२ भरपगारी सुट्ट्यांचं धोरण मंजूर केलं. बिहारमध्ये तर सरकारी नोकरीतल्या बायकांना १९९२ पासून महिन्याला दोन दिवस मिळतात.

या सगळ्या चर्चेत पाळी म्हटलं की पोटदुखी, कंबरदुखी एवढंच डोळ्यांसमोर येतं. पण अनेक बायकांना या दिवसांत पोटापेक्षा डोकं जास्त छळतं. अर्धं डोकं ठणकतं, उजेड नकोसा होतो, भांड्याचा आवाज झाला तरी कळ जाते आणि पोटात काही ठरत नाही. डॉक्टर याला मेन्स्ट्रुअल मायग्रेन म्हणतात. आपल्याकडे मायग्रेनला जुना शब्द आहे अर्धशिशी.

या दुखण्याची गंमत म्हणा किंवा शोकांतिका म्हणा, ते साधारण कधी येणार हे आधी कळतं. तारीख माहीत असलेलं दुखणं थोपवणं सोपं असायला हवं. मग ते थोपवता का येत नाही? हे समजून घ्यायला बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके चांगले आहेत. एमआयडीसीतल्या शिफ्ट, उसाचे फड, उपासतापास आणि वारीची वाट, असं सगळंच इथे आहे.

आधी हे बघू, मायग्रेन म्हणजे नक्की काय?

मायग्रेन म्हणजे 'जरा जास्त डोकं दुखणं' नाही. तो मेंदू आणि नसांचा आजार आहे. उपचार केले नाहीत तर एक झटका ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत, म्हणजे तीन दिवसही टिकू शकतो. दुखणं बहुतेकदा एका बाजूला असतं, ठोके पडल्यासारखं असतं आणि चाललं-वाकलं की वाढतं. जोडीला मळमळ, उलटी, उजेड आणि आवाज सहन न होणं.

काही जणींना डोकं दुखायच्या आधी वेगळीच लक्षणं दिसतात. डोळ्यांसमोर नागमोडी चमकत्या रेषा येतात, नजरेतला एखादा भाग गायब होतो, हाताला किंवा तोंडाला मुंग्या येतात, शब्द अडखळतात. हे साधारण ५ मिनिटं ते एक तास चालतं. याला 'ऑरा' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे तो फार कामाचा आहे.

लहानपणी मुलगा-मुलगी यांच्यात मायग्रेनचं प्रमाण जवळपास सारखं असतं. पाळी सुरू झाली की चित्र बदलतं. मोठ्या वयात पुरुषांच्या जवळपास तिप्पट बायकांना मायग्रेन असतो. जगभरातल्या आजारांचा हिशेब ठेवणाऱ्या 'ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज' या अभ्यासाच्या २०१९ च्या आकड्यांनुसार भारतात मायग्रेन असलेल्यांची संख्या सुमारे २१ कोटी होती. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या तज्ज्ञांनी कर्नाटकात घरोघरी जाऊन केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १८ ते ६५ वयोगटातल्या दर चार जणांपैकी एकाला वर्षभरात मायग्रेनचा त्रास झालेला आढळला. बायकांत तो जास्त होताच, आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त होता. म्हणजे 'हे शहरातल्या एसीत बसणाऱ्यांचं दुखणं' हा समज इथेच निकालात निघतो.

पाळीचा आणि डोक्याचा संबंध काय?

उत्तर आहे इस्ट्रोजेन. हे बायकांच्या शरीरातलं महत्त्वाचं हार्मोन. महिनाभर त्याची पातळी वरखाली होते आणि पाळी यायच्या आधी ती झपकन खाली येते.

१९७२ मध्ये ऑस्ट्रेलियातले मेंदूविकारतज्ज्ञ ब्रायन सॉमरव्हिल यांनी एक छोटा पण महत्त्वाचा प्रयोग केला. पाळीच्या वेळी मायग्रेन होणाऱ्या मोजक्याच बायकांना त्यांनी पाळीआधी इस्ट्रोजेनचं इंजेक्शन दिलं. पाळी वेळेवर आली, पण मायग्रेन लांबला. त्याआधी त्यांनी प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन देऊन पाहिलं होतं. तेव्हा उलटं झालं होतं. पाळी लांबली, पण मायग्रेन ठरल्या वेळी आला. म्हणजे डोकं रक्तस्रावामुळे दुखत नव्हतं, इस्ट्रोजेन घसरल्यामुळे दुखत होतं.

हे समजायला बारामती-इंदापूरकरांना नीरा डाव्या कालव्याचं उदाहरण पुरेल. कालवा कायम कोरडा असला तर पीक त्या हिशेबानेच घेतलं जातं. पण आवर्तन भरात असताना पाणी एकदम बंद झालं की पीक माना टाकतं. मायग्रेन असलेल्या मेंदूचं साधारण असंच आहे. हार्मोन कमी असणं त्याला फारसं खुपत नाही, ते अचानक कमी होणं खुपतं.

म्हणूनच गरोदरपणाच्या मधल्या आणि शेवटच्या महिन्यांत, पातळी वर टिकून असते तेव्हा, अनेकींचा मायग्रेन शांत होतो. बाळंतपणानंतर पातळी कोसळते आणि तो परत येतो. पाळी जायच्या आधीच्या काही वर्षांत हार्मोनचे हेलकावे वाढतात, तेव्हा त्रासही वाढतो. पाळी कायमची थांबल्यावर बऱ्याच जणींची त्यातून सुटका होते.

डॉक्टर 'पाळीचा मायग्रेन' ठरवतात तो तारखेवरून. पाळीच्या आधीचे दोन दिवस आणि पाळीचे पहिले तीन दिवस, अशा पाच दिवसांच्या खिडकीत झटका यायला हवा. आणि तीन पाळ्यांपैकी किमान दोन वेळा यायला हवा. एरवीच्या मायग्रेनपेक्षा हे झटके जास्त वेळ टिकतात आणि औषधांना कमी दाद देतात.

शिफ्टचा भोंगा आणि उसाचा फड

हार्मोन एकटं काम करत नाही. त्या पाच दिवसांत मेंदू आधीच हळवा झालेला असतो. त्यात जेवण चुकलं, पाणी कमी पडलं, झोप मोडली, उन्हात राबावं लागलं की झटका येण्याची शक्यता वाढते. आता ही यादी घेऊन दोन तालुक्यांत फिरून बघा.

बारामती एमआयडीसीतल्या हायटेक टेक्स्टाइल पार्कमध्ये मोठ्या संख्येने बायका काम करतात. शिलाईचं काम म्हणजे प्रखर उजेडात, मशीनच्या आवाजात, नजर एका जागी लावून तासन् तास बसणं. उजेड आणि आवाज सहन न होणं हेच ज्या आजाराचं लक्षण, त्या आजारात हे काम किती जड जात असेल, हे वेगळं सांगायला नको. शिवाय सकाळच्या शिफ्टसाठी आधी घरातला स्वयंपाक, मुलांचे डबे उरकायचे. यात सगळ्यात आधी कात्री लागते ती झोपेला आणि स्वतःच्या न्याहारीला.

दुसरीकडे उसाचे फड. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा अशी कारखान्यांची रांगच या पट्ट्यात आहे. गळीत हंगाम सुरू झाला की बीडसह मराठवाड्यातून आणि इतर दुष्काळी भागांतून टोळ्या येतात आणि फडाजवळ, कारखान्याजवळ कोप्या उभ्या राहतात. दिवस पहाटे अंधारात सुरू होतो. गाडी आली तर रात्रीही भरणी करावी लागते. पाणी लांबून आणायचं, आडोसा नाही म्हणून बायका मुद्दाम पाणी कमी पितात. मायग्रेनचं निमंत्रण यापेक्षा वेगळं काय असतं?

इथे हिशेब 'कोयत्यावर' असतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत तोडणी करायची. एक दिवस काम चुकलं की 'खाडा' पडतो आणि अनेक टोळ्यांत त्याचा दंड उचलीत धरला जातो. बायकोचं डोकं दुखलं तर मजुरी फक्त तिची बुडत नाही, अख्ख्या कोयत्याची बुडते. मग ती डोक्याला फडकं घट्ट आवळून, गोळी घेऊन फडात उतरते.

तिसरी गोष्ट घराघरातली. हरतालिका, मार्गशीर्षातले गुरुवार, नवरात्र, एकादशी. उपाशी राहणं हे मायग्रेनचं ठरलेलं कारण आहे. निर्जळी उपास असेल तर आणखीच. आषाढात तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी याच भागातून जाते. वारीला जाणाऱ्या किंवा घरात सण असलेल्या अनेक जणी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतात. त्याही हार्मोनच्याच असतात. मायग्रेन असेल, विशेषतः ऑरा येत असेल, तर मैत्रिणीने सांगितलं म्हणून त्या घेऊ नयेत. आधी डॉक्टरांना विचारावं.

'पिशवी काढली की कटकट संपली'?

ऊसतोड कामगार बायकांचा विषय निघाला की गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय येतोच. जून २०१९ मध्ये विधिमंडळात सरकारने माहिती दिली होती की, बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायकांची गर्भपिशवी काढण्यात आली. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तेव्हा झालेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड कामगार बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे दर १०० जणींमागे साधारण १७. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातलं हे प्रमाण १५ ते ४९ वयोगटात ३ टक्क्यांच्या आसपास आहे. ५ एप्रिल २०२३ ला सुप्रीम कोर्टानेही गरज नसताना होणाऱ्या अशा शस्त्रक्रिया रोखण्याच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करा, असे आदेश राज्यांना दिले.

या शस्त्रक्रिया डोकेदुखीसाठी झाल्या, असं नाही. अंगावरून जाणं, जास्त रक्तस्राव, पोटात दुखणं आणि कॅन्सरची दाखवलेली भीती ही त्यामागची कारणं समोर आली होती. पण त्यामागे एक समजही होता आणि तो आजही गावोगाव ऐकू येतो. पिशवी काढली की पाळीची सगळी कटकट संपते, खाडाही पडत नाही.

मायग्रेनच्या बाबतीत हा समज साफ चुकीचा आहे. कारण इस्ट्रोजेन पिशवीत तयार होत नाही. ते बीजांडकोशात, म्हणजे ओव्हरीत तयार होतं. फक्त पिशवी काढली तर रक्तस्राव थांबतो, पण ओव्हरीचं महिन्याचं चक्र सुरूच राहतं. हार्मोन वरखाली होत राहतं आणि डोकंही दुखत राहू शकतं. वर पाळीची तारीखच नसल्यामुळे झटका कधी येणार, याचा अंदाजही हातचा जातो.

आणि पिशवीसोबत दोन्ही ओव्हरी काढल्या तर? मग इस्ट्रोजेन काही वर्षांत हळूहळू उतरण्याऐवजी एका दिवसात कोसळतं. अशा बायकांचा मायग्रेन बरा होण्याऐवजी अनेकदा वाढतो. हाडं ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो तो वेगळाच. मायग्रेनवर उपाय म्हणून गर्भपिशवी किंवा ओव्हरी काढायचा सल्ला कुणी दिला, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मेडिकलमधली गोळी आणि माला-एन

डोकं दुखलं की मेडिकलमधून 'एक डोक्याची गोळी द्या' म्हणून मागायची, ही सगळ्यांची सवय. साधी पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन वेळेवर घेतली तर अनेकींना पुरतेही. पण इथे तीन गोष्टी माहीत हव्यात.

पहिली, वेळ. झटका पूर्ण चढल्यावर, उलट्या सुरू झाल्यावर घेतलेली गोळी फारशी लागू पडत नाही. दुखायला लागल्या लागल्या घ्यायची असते.

दुसरी, संख्या. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, आणि ट्रिप्टान गटातली किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिने चाललं की गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. मग दुखतं म्हणून गोळी आणि गोळीमुळे दुखणं, असं चक्र सुरू होतं.

तिसरी, पाणी. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन यांसारख्या गोळ्या अंगात पाणी कमी असताना वारंवार घेतल्या तर किडनीवर ताण येतो, रिकाम्या पोटी घेतल्या तर जठरावर. फडात उन्हात राबणाऱ्या बाईसाठी हा धोका दुप्पट. गरोदर असेल तर विचारल्याशिवाय यातली गोळी घेऊच नये.

साध्या गोळीने भागत नसेल तर मायग्रेनसाठीच बनलेली औषधं आहेत. सुमाट्रिप्टान हे त्यातलं जुनं औषध. केंद्र सरकारच्या २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतही ते आहे. मात्र ते चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, आणि हृदयविकार किंवा आटोक्यात नसलेला बीपी असेल तर चालत नाही. झटके वारंवार येत असतील तर प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन यांसारखी रोज घ्यायची प्रतिबंधक औषधं डॉक्टर देतात. मायग्रेनसाठी कधी कधी दिलं जाणारं सोडियम व्हॅल्प्रोएट मात्र गर्भाला घातक ठरू शकतं. मूल होण्याच्या वयातल्या बाईला ते लिहून दिलं असेल तर याबद्दल जरूर विचारावं.

आता तो 'ऑरा' शब्द आठवा. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या 'माला-एन' या गर्भनिरोधक गोळ्यांत इस्ट्रोजेन असतं. ज्यांना ऑरासह मायग्रेन आहे, त्यांनी इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या वापरू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेचे निकष सांगतात. कारण अशा बायकांत पक्षाघाताचा धोका वाढतो. एकेकीपुरता हा धोका तसा कमी असतो, पण बीपी किंवा धूम्रपान जोडीला असेल तर तो आणखी चढतो. ऑरा नसेल तरी वय ३५ च्या पुढे असेल तर सावध राहायला सांगितलं जातं.

पर्याय आहेत. सरकारी योजनेतली 'छाया' ही गोळी हार्मोनविरहित आहे, कॉपर-टीमध्येही हार्मोन नसतं. कुणाला काय चालेल हे डॉक्टर ठरवतील, पण त्यासाठी 'डोकं दुखायच्या आधी डोळ्यांसमोर काही चमकतं का?' हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा. आशाताईंनी गोळ्यांचं पाकीट देताना एवढा एक प्रश्न विचारला तरी बरंच काम होईल.

आणखी एक. माला-एनच्या पाकिटात हार्मोनच्या २१ आणि लोहाच्या ७ गोळ्या असतात. काही जणींना नेमकं लोहाच्या गोळ्यांच्या दिवसांत डोकं दुखतं आणि दोष लोहावर जातो. खरं कारण बहुतेकदा त्या दिवसांत बंद झालेलं हार्मोन हे असतं.

लोहाचा विषय निघालाच आहे तर हेही बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयातल्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय आहे. पाळी संपता संपता डोकं दुखत असेल आणि रक्तस्राव जास्त होत असेल, तर हिमोग्लोबिन तपासून घेणं शहाणपणाचं.

मग करायचं काय? भिंतीवरचं कॅलेंडर कामाला लावा

दुधाचे खाडे, गॅस सिलिंडरची तारीख, भिशीचा दिवस, सगळं आपण भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो. तिथेच तीन महिने आणखी तीन खुणा करायच्या. पाळीच्या पहिल्या दिवशी 'पा'. डोकं दुखलं त्या दिवशी 'डो'. जितक्या गोळ्या घेतल्या तितक्या उभ्या रेघा. मोबाईलमध्ये केलं तरी चालेल.

तीन महिन्यांनी तो कागद डॉक्टरांपुढे ठेवला की अर्धं निदान तिथेच होतं. 'डो' नेहमी 'पा'च्या आजूबाजूला येतो का, रेघा जास्त होतायत का, हे एका नजरेत दिसतं. यासाठी एमआरआय लागतोच असं नाही.

एकदा खिडकी कळली की ती पाच दिवस जपायची. जेवण चुकवायचं नाही, पाण्याची बाटली जवळ ठेवायची, झोपायची-उठायची वेळ मोडायची नाही, उन्हात डोकं झाकायचं, चहा एकदम वाढवायचा किंवा तोडायचा नाही. त्या दिवसांत निर्जळी उपास येत असेल तर फळं-पाणी घेऊन करायचा. पाळी नियमित असेल तर झटका यायच्या आधीपासून पाच-सहा दिवसच औषध द्यायची पद्धतही आहे. नॅप्रोक्सेनसारखं औषध यासाठी वापरतात. अर्थात डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

यासाठी पुण्याला धावायची गरज नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरुवात करता येते. इंदापूरचं उपजिल्हा रुग्णालय आहे, बारामतीत सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आणि २०१९ मध्ये सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. घरातून निघणं अवघड असेल तर सरकारची ई-संजीवनी ही फोनवरून सल्ला देणारी सेवाही आहे.

काही वेळा मात्र कॅलेंडर बाजूला ठेवून थेट हॉस्पिटल गाठायचं. आयुष्यात कधी दुखलं नाही इतकं डोकं क्षणात दुखायला लागलं, सोबत ताप आणि मान आखडली, हात-पाय लुळा पडला, बोबडी वळली, फिट आली, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं दुखणं सुरू झालं, तर थांबू नका. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत नव्याने तीव्र डोकं दुखलं तरीही. मेंदूच्या नसेत रक्ताची गाठ किंवा वाढलेला बीपी हे त्याचं कारण असू शकतं.

सुट्टीचं काय?

आता पुन्हा मूळ वादाकडे. वर सांगितलेलं सगळं करायला काय लागतं? वेळेवर गोळी, घोटभर पाणी, पोटात काहीतरी आणि अंधाऱ्या जागी थोडी विश्रांती. औषध स्वस्त आहे, निदान कॅलेंडरवर होतं. महाग आहे तो वेळ.

कारखान्यातल्या बाईला कायद्याने २० दिवसांच्या कामामागे एक भरपगारी रजा मिळते. वर्षात ३०० दिवस काम केलं तर १५ रजा. महिन्याला एक झटका धरला तर १२ रजा डोकेदुखीतच संपल्या. मुलाचं आजारपण, लग्नकार्य, दिवाळी या सगळ्याला उरल्या तीन. ईएसआय कार्ड असेल तरी आजारपणाचा भत्ता साधारणपणे पहिल्या दोन दिवसांचा मिळत नाही. मायग्रेन तर बहुतेकदा त्या दोन दिवसांतच येऊन जातो. म्हणजे व्यवस्था लांबलचक आजारासाठी बनलेली आहे, दर महिन्याला दीड दिवस येणाऱ्या आजारासाठी नाही.

कर्नाटकसारखी महिन्याला एक सुट्टी इथे नक्कीच उपयोगी पडेल. पण मायग्रेन पाळीच्या आधी दोन दिवसही येतो. सुट्टीला 'फक्त पाळीच्याच दिवशी' अशी अट घातली तर ती या बायकांच्या कामाची नाही. आणि सुप्रीम कोर्टाने व्यक्त केलेली भीतीही हवेतली नाही. म्हणून सुट्टीच्या जोडीला छोट्या सोयींचा विचार व्हायला हवा. मोठ्या कारखान्यांना विश्रांतीची आणि प्रथमोपचाराची खोली कायद्यानेच ठेवावी लागते. तिथे दुखायला लागल्या लागल्या गोळी घेऊन अर्धा-पाऊण तास पडता आलं, तर अनेकदा अख्खा दिवस वाचू शकतो. शिफ्टची अदलाबदल करता आली तरी मोठा फरक पडेल. यात मालकाचाही तोटा नाही.

खरा पेच फडातल्या बाईचा आहे. तिच्याकडे ना हजेरीपट आहे, ना ईएसआय, ना रजा. कारखाना म्हणतो तोडणी मुकादमाची, मुकादम म्हणतो उचल फेडा. पाळीच्या सुट्टीचा कितीही चांगला कायदा आला, तरी ती कुणाची कामगार आहे हे कागदावर येत नाही तोवर तो तिच्या कोपीपर्यंत पोहोचणार नाही. तिच्यासाठी पहिली मागणी सुट्टीची नाहीच, आजारपणाच्या दिवशी खाड्याचा दंड बंद करण्याची आहे. दुसरी आहे फडाजवळ पिण्याचं पाणी आणि संडासाची. तिसरी, हंगामात कोप्यांपर्यंत येणाऱ्या आरोग्य पथकाने रक्तदाब आणि हिमोग्लोबिनसोबत डोकेदुखीचीही चौकशी करण्याची. राज्यात ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडेंच्या नावाने महामंडळ आहे. ही कामं त्याच्या कक्षेबाहेरची नक्कीच नाहीत.

'बाईच्या जातीला डोकं दुखणारच' असं म्हणत हे दुखणं पिढ्यान् पिढ्या अंगावर काढलं गेलं. आता ते का होतं हे माहीत आहे, कधी होणार हेही बऱ्यापैकी सांगता येतं आणि त्यावर औषधंही आहेत. उरतो प्रश्न एवढाच, की तारीख जवळ आली हे कळल्यावर तिला अर्धा तास थांबायची मुभा आहे का? एमआयडीसीत याचं उत्तर मालक देऊ शकतो. फडात मात्र ते कोण देणार, हेच अजून ठरलेलं नाही.